दोन्ही सैन्यांना शस्त्रं : इराण-इराक युद्धाच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परक्यांच्या युद्धात शस्त्रं पुरवण्याबद्दल बोलायला बसलं की चर्चा लगेच हवेत जाते. म्हणून इथे एकच युद्ध धरलं आहे : इराण आणि इराक, २२ सप्टेंबर १९८० ते २० ऑगस्ट १९८८. दोन्ही बाजूंना माल पुरवणाऱ्यांची इतकी गर्दी दुसऱ्या कुठल्या युद्धात सहसा सापडत नाही. कागदपत्रं बाहेर आली, खटले झाले, चौकशी समित्यांचे जाडजूड अहवाल निघाले. त्यामुळे अंदाजाने बोलायची गरज पडत नाही. युद्धात किती माणसं मेली याचे आकडे मात्र काही लाखांपासून दहा लाखांपर्यंत सांगितले जातात.

एकाच देशाने दोघांनाही शस्त्रं विकली हे खरं आहे, की व्हॉट्सअ‍ॅपवरची गोष्ट?

खरं आहे, आणि असा देश एक नव्हता. चीनने इराकला रणगाडे विकले आणि इराणला जहाजांवर डागायची सिल्कवर्म क्षेपणास्त्रं. फ्रान्स इराकचा उघड मित्र. मिराज विमानं दिली, १९८३ मध्ये पाच सुपर एतांदार्द विमानं चक्क भाड्याने दिली. त्याच काळात लुशेर या फ्रेंच कंपनीचे लाखो तोफगोळे कागदावर तिसऱ्याच देशांची नावं लावून इराणला पोचत होते. ऑस्ट्रियाची एकच तोफ दोन्ही सैन्यांत होती. अमेरिकेचं प्रकरण तर तिच्या राष्ट्राध्यक्षांना दूरचित्रवाणीवर येऊन कबूल करावं लागलं.

यात एक फरक ठेवायला हवा. काही ठिकाणी सरकारने स्वतः दोघांना माल दिला. काही ठिकाणी सरकार एका बाजूला होतं आणि कंपनी चोरून दुसऱ्या बाजूला. काही ठिकाणी सरकारला कळत होतं, पण कळलं असं म्हणायचं नव्हतं. नैतिक हिशेब करताना मला हा तिसरा प्रकार सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेने नेमकं काय केलं?

शाहच्या काळात इराण हा अमेरिकेचा लाडका गिऱ्हाईक होता. एफ-१४ टॉमकॅट हे विमान अमेरिकेने आपल्याशिवाय फक्त इराणला दिलं; ७९ विमानं तिथे पोचली होती. १९७९ मध्ये क्रांती झाली, तेहरानच्या वकिलातीतले ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले आणि पुरवठा तुटला. म्हणजे युद्ध सुरू झालं तेव्हा इराणकडे अमेरिकी विमानं होती आणि सुटे भाग नव्हते. पुढच्या आठ वर्षांतला बराच काळाबाजार या एका अडचणीवर पोसला गेला.

इराण जिंकेल अशी धास्ती वाटू लागली तशी अमेरिका इराककडे सरकली. १९८२ मध्ये इराकचं नाव दहशतवादाला थारा देणाऱ्या देशांच्या यादीतून निघालं. डिसेंबर १९८३ मध्ये डोनाल्ड रम्सफेल्ड बगदादला जाऊन सद्दाम हुसेनशी हस्तांदोलन करून आले. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजनैतिक संबंध पुन्हा जुळले. उपग्रहांनी टिपलेली माहिती इराकी सेनापतींपर्यंत जाऊ लागली. इराणला कोणी शस्त्रं देऊ नयेत म्हणून अमेरिकेने ‘ऑपरेशन स्टाँच’ नावाची मोहीमच काढली आणि देशोदेशीच्या सरकारांना उपदेश केला.

हा उपदेश चालू असतानाच १९८५-८६ मध्ये अमेरिकेची रणगाडाविरोधी टो क्षेपणास्त्रं, दोन हजारांहून अधिक, आधी इस्रायलमार्फत आणि मग थेट इराणला गेली. बरोबर हॉक विमानविरोधी क्षेपणास्त्रांचे भागही गेले. लेबनॉनमधल्या अमेरिकी ओलिसांना सोडवणं हा एक हेतू. आलेल्या पैशातून निकाराग्वातल्या काँत्रा बंडखोरांना मदत करणं हा दुसरा, आणि ही मदत अमेरिकी काँग्रेसने कायद्याने बंद केलेली होती. मे १९८६ मध्ये माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार रॉबर्ट मॅकफार्लेन गुपचूप तेहरानला उतरले. सोबत शस्त्रांचे सुटे भाग होते आणि एक केकही होता. इस्लामी क्रांतीच्या राजधानीत वाटाघाटीला जाताना केक न्यायची कल्पना कोणाला सुचली असेल देव जाणे.

नोव्हेंबर १९८६ मध्ये बैरूतच्या ‘अश-शिरा’ साप्ताहिकाने हे फोडलं. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी आधी ओलिसांच्या बदल्यात शस्त्रं दिलीच नाहीत असं सांगितलं. ४ मार्च १९८७ रोजी त्यांनी देशासमोर येऊन मान्य केलं की आपलं मन अजूनही तसंच सांगतं, पण पुरावे तसं सांगत नाहीत. हे व्यवहार हाताळणारे अधिकारी ऑलिव्हर नॉर्थ यांची शिक्षा अपिलात रद्द झाली. माजी संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांच्यासह सहा जणांना थोरल्या बुशनी १९९२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी माफी देऊन टाकली.

पण हे महासत्तांचे डावपेच झाले. तटस्थ, शांतताप्रिय म्हणवणारे देश तरी स्वच्छ होते ना?

नाही. मला विचाराल तर या युद्धाची सगळ्यात बोलकी गोष्ट तिथेच आहे.

ऑस्ट्रिया हा घटनेनेच तटस्थ देश. युद्ध चालू असलेल्या देशाला शस्त्रं विकायची नाहीत असा तिथला कायदा. स्टायरिया प्रांतात लीत्सेन नावाचं छोटं गाव आहे. तिथे नोरिकुम ही कंपनी होती, सरकारी पोलाद उद्योग फोएस्ट-आल्पिनेची पोटकंपनी. पोलादाचा धंदा मंदावला होता, नोकऱ्या धोक्यात होत्या, आणि कंपनीच्या हाती एक उत्तम माल होता : जीएचएन-४५ ही १५५ मिलिमीटरची तोफ. कॅनडाचे तोफतज्ज्ञ जेराल्ड बुल यांच्या आराखड्यावरची, तीस किलोमीटरहून लांब मारा करणारी. त्या घडीला ही तोफ सगळ्यात जास्त कोणाला हवी होती हे सांगायला नको.

शंभराहून अधिक तोफा कागदोपत्री जॉर्डनने घेतल्या आणि त्या इराकला गेल्या. नंतर शंभराहून अधिक कागदोपत्री लिबियाने घेतल्या आणि त्या इराणला गेल्या. एकाच कारखान्यातल्या तोफा आघाडीच्या दोन्ही बाजूंना.

जुलै १९८५ मध्ये अथेन्समधले ऑस्ट्रियाचे राजदूत हर्बर्ट आम्री यांच्या कानावर इराणच्या सौद्याची बातमी आली. त्यांनी व्हिएन्नाला तारांमागून तारा केल्या. त्याच महिन्यात त्यांचा मृत्यू झाला. अधिकृत कारण हृदयविकार. संशय घेणारे अजून आहेत. त्यानंतर पत्रकारांनी युगोस्लाव्हियाच्या बंदरात उभ्या असलेल्या तोफांचे फोटो काढले आणि प्रकरण झाकायचं कठीण झालं. कंपनीच्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. १९९३ च्या राजकीय खटल्यात माजी चॅन्सेलर फ्रेड सिनोवात्स आणि माजी परराष्ट्रमंत्री लेओपोल्ड ग्रात्स सुटले. माजी गृहमंत्री कार्ल ब्लेखा यांना निलंबित कारावास झाला.

स्वीडनची कथा वेगळी आणि जास्त टोचणारी. नोव्हेंबर १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या युद्धात मध्यस्थ म्हणून उलोफ पाल्मे यांना नेमलं. तेव्हा ते विरोधी पक्षात होते, १९८२ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले. (नेमणूक करणारे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम ऑस्ट्रियाचे, हा योगायोग नोंदवून पुढे जातो.) पाल्मे तेहरान-बगदाद वाऱ्या करत होते त्या वर्षांत स्वीडनमधून बंदुकीची दारू आणि स्फोटकं आडवाटेने इराणला जात होती. कार्ल-एरिक श्मित्स या दलालाच्या कचेरीवर १९८५ मध्ये जकात अधिकाऱ्यांची धाड पडली आणि युरोपभरच्या दारूगोळा कंपन्यांचं एक जाळंच उघडं पडलं. त्यातलं ठळक नाव बोफोर्स.

हा बोफोर्स म्हणजे ‘आपला’ बोफोर्सच का?

तोच. भारताबरोबरचा ४१० तोफांचा, १,४३७ कोटी रुपयांचा करार २४ मार्च १९८६ रोजी झाला. पाल्मे यांचा स्टॉकहोममध्ये खून होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. १६ एप्रिल १९८७ रोजी स्वीडिश रेडिओने लाचखोरीची बातमी दिली आणि आपल्याकडे राजकारण ढवळून निघालं.

आपण ते प्रकरण फक्त दलालीच्या बाजूने वाचलं. पैसे कोणाला मिळाले, कुठल्या खात्यात गेले, कोणाचं नाव आलं. स्वीडनमध्ये मात्र कंपनीवर आधीच दुसऱ्या आरोपाचा डाग होता : बंदी असलेल्या देशांना चोरून माल पाठवणं. आरबीएस-७० ही विमानविरोधी क्षेपणास्त्रं सिंगापूरच्या नावाने दुबई आणि बहरीनला गेली होती. १५ जानेवारी १९८७ रोजी शस्त्रनिर्यातीचे परवाने देणारे सर्वोच्च अधिकारी, माजी रिअर अ‍ॅडमिरल कार्ल-फ्रेड्रिक आल्गेर्नोन, स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेखाली सापडून मेले. अपघात, आत्महत्या की घातपात, निकाल लागला नाही.

तोफ म्हणून बोफोर्स चांगलीच होती. कारगिलमध्ये १९९९ ला ती कामाला आली. ‘माल चांगला होता’ आणि ‘व्यवहार घाणेरडा होता’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, हे आपल्याकडे मान्य व्हायला फार वेळ लागला.

जॉर्डनच्या नावाने तोफ घेतली आणि इराकला गेली, हे जमतं कसं? तपासणी नसते?

असते, आणि ती बहुतेक वेळा एका कागदावर संपते. त्याला एंड-यूजर सर्टिफिकेट म्हणतात. खरेदी करणाऱ्या देशाचं संरक्षण खातं त्यावर लिहून देतं की अमुक माल, अमुक नग, आमच्याच सैन्यासाठी आहे आणि तुमच्या परवानगीशिवाय तो तिसऱ्याला देणार नाही. खाली सही, शिक्का. विकणाऱ्या देशातला अधिकारी तो कागद फाइलला लावतो आणि परवाना देतो.

आता तो अधिकारी म्हणून खुर्चीत बसून बघा. समोर जॉर्डनचा कागद आहे, शंभराहून अधिक लांब पल्ल्याच्या तोफांचा. जॉर्डनचं सैन्य केवढं, ते तुम्हाला ठाऊक आहे. जॉर्डनचं अकाबा बंदर म्हणजे इराकची रसद आत यायचा मुख्य दरवाजा, हेही रोज पेपरात येतं. कागद खोटा नाही. सही खरी, शिक्का खरा. फोन उचलून ‘एवढ्या तोफा तुम्हाला कशाला?’ विचारायला पाच मिनिटं लागतील. पण उत्तर आलं की ते फाइलवर लिहावं लागेल, आणि लिहिलं की सौदा रद्द करावा लागेल. म्हणून फोन उचलला जात नाही.

अशा कागदाला या धंद्यात बाजारभाव होता. कोणी देश पैसे घेऊन सही द्यायचे, कोणी मैत्रीखातर. विकणाऱ्यांसाठी त्याची खरी किंमत अशी की उद्या बोंब झालीच तर सगळे नामानिराळे. कंपनी म्हणते, सरकारने परवाना दिला. सरकार म्हणतं, जॉर्डनने लिहून दिलं. जॉर्डन काहीच म्हणत नाही.

माझ्या मते दोन्हीकडे माल जाण्यातलं मूळ पाप या न उचललेल्या फोनमध्ये आहे. एखाद्या बाजूला उघड शस्त्रं देणारा देश चुकीचा असेल, क्रूर असेल; पण तो निर्णय घेतो आणि त्याचा जाब विचारता येतो. इथे निर्णय कोणी घेतलाच नाही असं दाखवायची सोय करून ठेवलेली असते.

दोघांना सारखं विकलं म्हणजे कोणाचीच बाजू घेतली नाही. यात अनैतिक काय?

हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. १९०७ चे हेग करार जवळजवळ असंच म्हणतात. तटस्थ देशाच्या सरकारने स्वतः युद्धातल्या पक्षांना युद्धसाहित्य द्यायचं नाही. पण खासगी व्यापाऱ्यांची निर्यात अडवायला ते बांधील नाही, आणि अडवायची असेल तर दोन्ही पक्षांना सारखीच अडवावी. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या विचारात दोघांना विकणारा व्यापारी कायद्याच्या बाहेर नव्हता. शस्त्रविक्रेते बेझिल झाहारोफ यांनी ग्रीसला पाणबुडी विकली आणि मग तुर्कस्तानला दोन, ते याच मोकळिकीत.

माझी हरकत अशी. निष्पक्ष माणसाला निकालाची पर्वा नसली तरी भांडण मिटलं तर त्याचं काही बिघडत नाही. दोघांना विकणाऱ्याचं बिघडतं. त्याचा नफा कोण जिंकतो यावर अवलंबून नाही, युद्ध किती चालतं यावर आहे. आणि ज्यांना दोघांपैकी कोणीच जिंकायला नको होतं, त्या सरकारांचा हिशेबही तिथेच येऊन थांबत होता. पारडं इराणकडे झुकलं की इराकला मदत, इराक सावरला की इराणला थोडे सुटे भाग. वॉशिंग्टनमध्ये याला समतोल म्हणत असतील. बसऱ्याच्या खंदकात पडलेल्या पोराच्या बाजूने बघितलं तर तो मेला तो आकडे जुळवण्यासाठी.

ज्याच्यावर हल्ला झाला त्याला शस्त्रं देणं तर योग्यच ना?

हो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम ५१ स्वसंरक्षणाचा हक्क मानतं, आणि हक्क मानायचा पण हत्यार द्यायचं नाही हा कोरडा पाहुणचार झाला.

अडचण अशी की या युद्धात ‘ज्याच्यावर हल्ला झाला तो’ ही जागा मधेच बदलली. सप्टेंबर १९८० मध्ये इराकने आक्रमण केलं यात शंका नाही. तरी सुरक्षा परिषदेच्या पहिल्या ठरावात, ४७९ मध्ये, आक्रमक कोण याचा उच्चार नव्हता, इराकने मागे जावं असंही नव्हतं. इराणने हे कधी विसरलं नाही. मे १९८२ मध्ये इराणने खुर्रमशहर परत जिंकलं. तिथे थांबता आलं असतं. थांबला नाही, जुलैमध्ये इराणी फौजा बसऱ्याच्या दिशेने इराकमध्ये घुसल्या. म्हणजे १९८१ मध्ये इराणला विमानाचे सुटे भाग देणं आणि १९८५ मध्ये टो क्षेपणास्त्रं देणं, माल थोडाफार तोच, नैतिक वजन वेगळं. इराकच्या बाबतीत उलट. शस्त्रं कोणाला दिली याबरोबर कुठल्या महिन्यात दिली हेही विचारायला हवं, आणि हा प्रश्न करार करताना कोणी विचारत नाही, कारण करार तीन-चार वर्षांचे असतात.

आम्ही नाही विकलं तर दुसरा कोणी विकणारच. मग आपलं नुकसान का करून घ्यायचं?

युक्तिवाद जुना, आणि अर्धा खरा. फ्रान्सने नाही म्हटलं असतं तर इराक रिकामा बसला नसता. सोव्हिएत संघ होताच. पण सगळाच माल असा बदलून मिळत नाही. टॉमकॅटचा सुटा भाग अमेरिकेकडूनच यायचा. एक्झोसेट क्षेपणास्त्र फ्रान्सकडूनच. १७ मे १९८७ रोजी इराकी विमानाने डागलेल्या दोन एक्झोसेटनी अमेरिकेची ‘स्टार्क’ ही युद्धनौका फोडली, ३७ खलाशी मेले. इराकने चूक झाली म्हणून माफी मागितली.

शिवाय ‘दुसरा विकेल’ म्हणणारे सगळे एकमेकांकडे बोट दाखवून तेच म्हणत होते.

मग दोघांवरही बंदी घालावी. सोपा उपाय नाही का?

सोपा आहे, न्याय्य असेलच असं नाही. सप्टेंबर १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव ७१३ ने सगळ्या युगोस्लाव्हियाला शस्त्रबंदी केली. सर्बांकडे जुन्या राष्ट्रीय सैन्याची कोठारं होती. बोस्नियाच्या सरकारकडे जवळजवळ काही नव्हतं. बंदी दोघांना सारखी, फटका एकाला.

आपल्याकडे याची उलटी बाजू दिसली. अमेरिकेने १९५४ पासून पाकिस्तानला शस्त्रं दिली, ती भारताविरुद्ध वापरली जाणार नाहीत असं आयझेनहॉवर यांनी नेहरूंना कळवलं होतं. १९६२ नंतर भारतालाही काही मदत दिली. १९६५ मध्ये पाकिस्तानला मिळालेले अमेरिकी पॅटन रणगाडे पंजाबात खेमकरणला आलेच. अमेरिकेने दोघांचा पुरवठा थांबवला आणि पाकिस्तान जास्त अडचणीत आला, कारण तो जवळजवळ सर्वस्वी त्यांच्यावर अवलंबून होता. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पकडलेला पॅटन ठेवला आहे. त्याच आवारात आपला ब्रिटिश बनावटीचा सेंच्युरियन आहे. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं ते सेंच्युरियनवरच्या लढाईसाठी. दोन्ही रणगाडे परक्यांचे, लढणारे मात्र आपले आणि शेजारचे.

इराण-इराक युद्धात दोघांवर बंदी घालायचा ठराव सुरक्षा परिषदेत कधी मंजूरच झाला नाही.

विषारी वायूची रसायनं पुरवणाऱ्यांचं पुढे काय झालं?

बहुतेकांचं काही नाही. इराकने मोहरी वायू वापरल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी मार्च १९८४ मध्येच सांगितलं होतं. त्यानंतरही रसायनं आणि यंत्रसामग्री जात राहिली. १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा या इराकमधल्याच कुर्द गावावर वायू टाकला गेला आणि सुमारे पाच हजार माणसं मेली.

ज्याला शिक्षा झाली असा एक व्यापारी सांगता येतो : नेदरलँड्सचा फ्रान्स व्हान आनराट. मोहरी वायूला लागणारं थायोडायग्लायकॉल त्याने हजार टनांच्या हिशेबाने इराकला पुरवलं. पुढे तो बगदादलाच राहायला गेला आणि २००३ नंतर मायदेशी परतला. डिसेंबर २००५ मध्ये हेगच्या न्यायालयाने युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल त्याला १५ वर्षांची शिक्षा दिली, अपिलात ती वाढली. कुर्दांचा वंशसंहार झाला हे न्यायालयाने मानलं, पण त्यात साथ दिल्याच्या आरोपातून त्याला सोडलं, कारण सद्दामचा तो हेतू त्याला ठाऊक होता हे सिद्ध झालं नाही. ‘ठाऊक होतं का?’ यावरच सगळं अडतं हे पुन्हा दिसलं.

ब्रिटनने तर नियम केले होते ना?

केले होते, आणि कागदावर चांगले होते. परराष्ट्रमंत्री जेफ्री हाउ यांची मार्गदर्शक तत्त्वं : दोघांपैकी कोणालाही प्राणघातक सामग्री नाही, आणि युद्ध लांबेल अशी इतर लष्करी सामग्रीही नाही. मग यंत्रांचा प्रश्न आला. लेथ मशीन प्राणघातक आहे का? त्यावर काय घडवता त्यावर आहे. कॉव्हेंट्रीच्या मॅट्रिक्स चर्चिलची यंत्रं इराकला जात राहिली. १९८८ मध्ये युद्धबंदी झाल्यावर मंत्र्यांनी तत्त्वं गुपचूप सैल केली आणि संसदेला सांगितलं नाही. पुढे कंपनीच्या अधिकाऱ्यांवरच खटला भरला. तो नोव्हेंबर १९९२ मध्ये कोसळला, कारण सरकारला सगळं माहीत होतं हे निघालं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा तो प्रयत्न थोडक्यात फसला. या प्रकरणाच्या चौकशीचा १९९६ चा स्कॉट अहवाल हा या विषयातला सगळ्यात उपयुक्त दस्तऐवज आहे. फार लांब आहे, पण मंत्र्यांच्या कचेऱ्यांत वाक्यं कशी घासूनपुसून गुळगुळीत करतात ते त्यात दिसतं.

कारखान्यातल्या कामगाराचा यात काय दोष?

फारसा नाही. लीत्सेनच्या फिटरला जॉर्डनचा कागद दाखवायला कोणी आलं नव्हतं. खडकीला, वरणगावला, भंडाऱ्याला ज्यांच्या घरात ऑर्डनन्सची नोकरी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. भंडाऱ्याच्या कारखान्यात २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात आठ कामगार गेले. या उद्योगात जिवाचा धोका फक्त तोफेच्या पुढच्या टोकाला असतो असं नाही.

पण ज्याला माहीत असतं त्याचं काय? बोफोर्सचे अभियंता इंगवार ब्राट यांना क्षेपणास्त्रांच्या चोरट्या निर्यातीची कागदपत्रं दिसली. त्यांनी ती शांतता चळवळीच्या हाती दिली आणि पुढे स्वतःचं नाव जाहीर केलं. कार्ल्सकुगा हे गाव कंपनीवरच जगणारं. अशा गावात हे करणं म्हणजे काय, हे कुठल्याही एक-कारखानी गावातल्या माणसाला कळेल.

निदान पैसा तरी मिळाला?

सगळ्यांना नाही. इराकने बरंच उधारीवर घेतलं. २००४ मध्ये पॅरिस क्लब या धनको देशांच्या गटाने आपलं सुमारे ३९ अब्ज डॉलरचं येणं ८० टक्के सोडून दिलं. त्यात शस्त्रांची उधारीही होती.

आज असं कुठे चाललं आहे? आणि आपण त्यात आहोत का?

रशियाने वर्षानुवर्षं आर्मेनिया आणि अझरबैजान दोघांनाही शस्त्रं विकली. एप्रिल २०१६ मध्ये चकमकी झाल्यावर पंतप्रधान मेदवेदेव म्हणाले त्याचा आशय असा की आम्ही बाजूला झालो तर जागा रिकामी राहणार नाही. वरचंच उत्तर.

आता त्या भागात आपणही आहोत. पिनाक रॉकेटप्रणालीचा आराखडा पुण्यात पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेत झाला. २०२२ पासून ती आर्मेनियाने घेतल्याच्या बातम्या आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या कल्याणी समूहातल्या कंपनीने १५५ मिलिमीटर तोफांची साडेपंधरा कोटी डॉलरची निर्यात ऑर्डर जाहीर केली. ग्राहकाचं नाव दिलं नाही, ‘संघर्ष नसलेल्या क्षेत्रातला’ एवढंच सांगितलं. वृत्तपत्रांनी आर्मेनियाचं नाव घेतलं. आपण अझरबैजानला शस्त्रं विकत नाही, त्यामुळे हे दोन्ही डगरींवर हात ठेवणं नव्हे. दोनदा हरलेल्या छोट्या देशाला शस्त्रं देणं मला चुकीचंही वाटत नाही. पण युरोपला विकलेले भारतीय तोफगोळे युक्रेनला पोचल्याची बातमी सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने दिली आणि परराष्ट्र खात्याने ती दिशाभूल करणारी म्हणून फेटाळली, तेव्हा प्रश्न तोच होता : एंड-यूजर कागदावर सही झाल्यानंतर माल कुठे जातो ते आपण बघतो का? ज्या रशियाकडून आपण शस्त्रं घेतो त्याच्याच विरुद्ध ते गोळे उडणार होते, एवढाच तपशील निराळा.

भारत शस्त्रव्यापार करारात आहे का?

नाही. शस्त्रांच्या निर्यातीला नियम लावणाऱ्या या करारावर एप्रिल २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला. करार निर्यातदारांच्या बाजूने झुकलेला आहे, ही आपली तक्रार. विरोधात मत देणारे तिघे : इराण, उत्तर कोरिया, सीरिया. शस्त्रनिर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटात, म्हणजे वासेनार व्यवस्थेत, मात्र आपण डिसेंबर २०१७ पासून आहोत आणि आपली स्वतःची निर्यात-नियंत्रण यादीही आहे.

आपण कोणाला काय विकतो हे सामान्य माणसाला कुठे बघता येईल?

एकूण आकडा सहज मिळतो : २०२४-२५ मध्ये संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांची झाली, असं संरक्षण खात्याने जाहीर केलं. कोणत्या देशाला काय गेलं याची पूर्ण यादी मात्र मिळत नाही. सामरिक कारण सांगून ती दिली जात नाही. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेची आकडेवारी इंटरनेटवर फुकट आहे, तिच्यात मोठे सौदे देशवार सापडतात. छोटी हत्यारं आणि दारूगोळा सापडत नाही. त्याखेरीज लोकसभा-राज्यसभेतल्या प्रश्नोत्तरांत शोधा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी बाजाराला दिलेल्या सूचनाही वाचा, कारण मोठी ऑर्डर मिळाली की नियमाप्रमाणे ती बाजाराला सांगावीच लागते.